सासूबाईंचं हरवलेलं माहेर

त्याचा धंदा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि खूळ हरवलेली गावं शोधायचं. जिथं कधीकाळी माणसं नांदली, भांडली, लेकरंबाळं वाढवली आणि आता नुसतं गवत डुलतंय, अशा जागांचा त्याला भारी नाद. कुणाचा तरी पंप उघडून ठेवायचा, "पाना आणतो" म्हणून निघायचं आणि संध्याकाळी भलत्याच माळावर ओणवा होऊन माती हुंगताना सापडायचं, ही त्याची रीत. गिऱ्हाईक शिव्या घालायचं, पण पंप पुन्हा त्यालाच दाखवायचं, कारण दुसरा कारागीर नव्हता.

लोक त्याला वळसेकाका म्हणत. त्यालाही कारण त्याची शोधायची पद्धत. "माणूस जात्याच आळशी," तो म्हणायचा. "तो उगाच वळसा घालेल होय? मोकळ्या माळावर पायवाट वाकली, की समजायचं तिथं कधीतरी भिंत होती. भिंत गेली, पायांची सवय राहिली." ऐकायला झकास. पण एकदा अशाच एका वळणापाशी त्याने चार माणसं गोळा करून अख्खं गाव जाहीर केलं, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "बाबा रे, इथं एक चावरं कुत्रं बसायचं. ते मेलं कधीच. पण खात्री कोण देणार?" दुसऱ्या खेपेला त्याला पुरातन चूल सापडली. तिच्यात अर्धवट भाजलेला बटाटा होता आणि तो अजून कोमट होता.

या खुळावर मनापासून विश्वास ठेवणारं माणूस जगात एकच, त्याच्या सासूबाई. त्यांचं माहेरच हरवलं होतं. त्या लग्न होऊन इकडे आल्या आणि मागे गावची विहीर आटली, एकेक घर उठलं, आईवडील शहरात भावाकडे गेले आणि तिथेच वारले. पडक्या घरांचे दगड ज्याला लागले त्याने नेले. पुढे बसच्या पाटीवरून नावही पुसलं गेलं. सासूबाईंना खूण विचारली, की त्या ठासून सांगायच्या, "घरातून बाहेर पडलं की डोंगर उजव्या हाताला!" आता हे ताडून पाहायचं तर आधी घर सापडायला हवं.

सासऱ्यांच्या मात्र हे अगदी पथ्यावर पडलं होतं. भांडण झालं की सासूबाई पिशवी भरायच्या, "मी चालले माहेरी!" सासरे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "जा की. कुठल्या बसने जातेस?" पन्नास वर्षं तोच विनोद. सासूबाई दारापर्यंत जायच्या आणि येऊन पिशवी रिकामी करायच्या. सगळे हसायचे. जावयाला हसू यायचं नाही. रागावून निघून जायला जिला जागाच नाही, तिने भांडायचं तरी कुणाच्या जोरावर, असं त्याला वाटायचं.

परवा चहा अगोड झाला. सासरे पाहुण्यांसमोर म्हणाले, "काय करणार! हिला शिकवणारं माहेर होतं, असं फक्त ही म्हणते." सासूबाईंनी या वेळी पिशवीही काढली नाही. उठून स्वयंपाकघरात गेल्या.

जावई आत जाऊन हळूच म्हणाला, "आई, उद्या येता का? एक वळण पाहून ठेवलंय."

"पुन्हा कुत्रं?"

"नाही, या वेळी चौकशी केलीय."

सकाळी स्कूटरवरून दोघं निघाले. डोंगर काही केल्या उजव्या हाताला येईना, म्हणून त्याने माळाला दोन चकरा मारल्या. शेवटी उतरून चालू लागले. वळण आलं. तो मोठ्या उत्साहात वाट सोडून सरळ गवतात घुसला.

"अहो जावई! कुठं शिरताय?"

"इथं काही नाही, आई."

"काही नाही काय! काकूचं स्वयंपाकघर आहे. व्हा बाहेर! अहो, भिंतीतून नका येऊ, दार तिकडे आहे."

तो तिकडून बाहेर आला. सासूबाई तोवर पुढे निघाल्या होत्या. त्या डावीकडे वळल्या, कशाला तरी बगल दिली, एका जागी मान खाली घालून वाकल्या, जणू वरची चौकट डोक्याला लागेल, आणि गवतात बसल्या. डोंगर आता कुठं आहे ते बघायची त्यांना गरजच उरली नाही. त्या रडल्या. पंपवालाही रडला, आणि त्याने ते लपवलं नाही.

मग त्या डोळे पुसून म्हणाल्या, "तुम्ही जा. ह्यांना सांगा, मी रागावून माहेरी आलेय. न्यायला यायचं असेल तर या म्हणावं."

सासऱ्यांनी आधी हसून पाहिलं. जावई हसेना, तसं त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"खरंच सापडलं?"

"हो."

"मग परत कधी येणार?"

"ते आता त्यांच्या माहेरचे ठरवतील."

सासरे उठले. एकदा झालेली दाढी पुन्हा केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेत डझनभर केळी घेतली. स्कूटरवर पूर्ण वाट ती मांडीवर जपून धरली.

माळावर सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. सासरे भराभर चालत गेले आणि चार पावलं अलीकडेच थबकले. समोर ना दार, ना भिंत, नुसतं गुडघाभर गवत. केळी या हातातून त्या हातात घेत त्यांनी घसा खाकरला.

"आत येऊ का?"

सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा जरा. आईला विचारते."

आणि सासरे थांबले.