उभ्या थरांचा दगड

त्यांना सगळे पाथरवटबाई म्हणतात. पण दगड त्या फोडत नाहीत. थर्माकोलसारख्या फोमचा दगड करतात. दुकानाच्या काचेमागचा कडा, नाटकातली विहीर, माशांच्या टाकीमागची गुहा, सगळं त्यांच्या हातचं. एकदा अख्खी विहीर काखोटीला मारून त्या जिना उतरत होत्या. समोरून येणारे आजोबा भिंतीला चिकटून उभे राहिले.

मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला पदवीधर म्हणतात. त्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत मी राहायला आले, तेव्हा जिन्याखाली एक भलामोठा दगड होता. ठेच लागेल म्हणून मी आठवडाभर त्याला वळसा घालून जात होते. शेवटी त्यांनी माझ्यादेखत तो पायाने सरकवला.

"साहित्य शिकलीस ना?" त्या म्हणाल्या. "मग फसणारच."

तेव्हापासून आमची मैत्री आहे. वयात तीस वर्षांचं अंतर. एकदा त्यांनी विचारलं, "दगडाचा रंग सांग."

"करडा."

"बाहेर जा. बघून ये."

मी अर्ध्या तासाने अकरा रंग कागदावर लिहून आणले. त्यांनी यादी वाचली. "जांभळा राहिला," म्हणाल्या. मी परत गेले. होता.

कामाची पद्धत साधी दिसते. फोमची लादी तापलेल्या तारेने कापायची. कडा बोटांनी चिमटून तोडायच्या, कारण सुरीची कड सरळ येते आणि दगड सरळ फुटत नाही. मग तारेच्या ब्रशने खरवडायचं. चुरगळलेल्या चंदेरी कागदाचा गोळा दाबून खड्डे पाडायचे. डिंकात बारीक वाळू कालवून हात फिरवायचा. आधी गडद रंग, मग पाण्यासारखा पातळ काळा, तो भेगांत उतरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग. ब्रश टेकला न टेकला असा. त्या शेवटच्या हाताला फोमचा दगड होतो. मी शंभरदा पाहिलंय. नेमका कोणत्या क्षणी होतो ते अजून कळलेलं नाही.

मावशींचे वडील खरे पाथरवट होते. छिन्नी त्यांनी मुलाच्या हाती दिली. मुलीच्या हाती जेवणाचा डबा दिला. मावशींना याचा राग नाही. "शिकवलं नाही म्हणून बघायला शिकले," असं म्हणतात. पहिला दगड त्यांनी रेडिओच्या खोक्यातून निघालेल्या फोमचा केला. तो फोम फुकट देणाऱ्या दुकानदाराला अजून दुवा देतात. त्यांच्या उपकारांची यादी लांब आहे. तिच्यात एक तुटकी सुरीसुद्धा आहे.

त्यांच्या मोठ्या भावाला सगळे मिस्त्री म्हणतात. वय साठीचं. वडिलांचा धंदा त्यांनी पुढे चालवला. बहिणीच्या कारखान्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. "फुंकर मारली की उडतं, ते बघायला मी कशाला येऊ?" म्हणायचे.

यंदा वाचनालयाने जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. फोटोंखालच्या पाट्या लिहायचं काम मला मिळालं. दालनात शिरताना बागेची जुनी कमान असावी, असं सगळ्यांना वाटलं. ती कमान मावशींच्या वडिलांनी बांधली होती. पुढे रस्ता रुंद झाला आणि ती गेली. ती फोमची करायचं काम मावशींकडे आलं. काम ऐकून त्या खुर्चीवर बसल्या. पाणी मागितलं.

फोटो पाच होते. पाचही फोटोंत डावा खांब बोगनवेलीखाली झाकलेला. पण बांधकाम चालू असताना लहानग्या मावशी रोज त्या खांबासमोर डबा घेऊन बसायच्या. त्यांनी तो आठवणीतून केला. तिसऱ्या ओळीतला एक दगड करताना मात्र त्या थांबल्या. मला जवळ बोलावलं.

"खाणीत दगडाचे थर आडवे असतात. भिंतीतही आडवेच ठेवायचे. उभे ठेवले तर पाणी आत शिरतं, पापुद्रे सुटतात. हा दगड बाबांनी उभ्या थरांचा बसवला होता. आयुष्यात एकच चूक."

"मग आपण सरळ करूया?"

"वेडी आहेस का! घरात बाबांचा फार धाक. ते चुकायचेच नाहीत. आपण स्वतःहून काही करून बघावं, अशी कुणाची छाती नव्हती. त्या दगडाचा पहिला पापुद्रा सुटला तेव्हा मी वीस वर्षांची होते. म्हटलं, बाबाही चुकतात, मग मी चुकले तर काय आभाळ कोसळणार आहे? दुसऱ्या दिवशी फोम आणला."

मी ते ऐकलं आणि पाटीवर लिहिलं: डाव्या खांबातला एक दगड उभ्या थरांचा आहे. बांधणाऱ्याची ती एकमेव चूक.

मावशींना एकच हवं होतं. भावाने एकदा यावं, कमानीसमोर उभं राहावं आणि सांगावं, बाबांची आहे की नाही. दुसऱ्या कुणाला ते सांगता आलं नसतं. निरोप दोनदा गेला. दोनदा नकार आला. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. मग मीच गेले.

मिस्त्री एका शाळेचं कुंपण बांधत होते. मी कमानीचं सांगितलं. ते थापीने चुना सारखा करत राहिले. मी म्हटलं, "तिसऱ्या ओळीतला उभा दगडसुद्धा आहे. तुमच्या बाबांची चूक म्हणून पाटीवर लिहिलंय."

थापी थांबली.

"कुणी लिहिलंय?"

"मी."

त्यांनी हात धुतले. माझ्यापुढे चालू लागले.

दालनात मावशी शिडीवर होत्या. भावाला बघून खाली उतरल्या. मिस्त्रींनी कमानीकडे बघितलंच नाही. आधी पाटी वाचली. मग म्हणाले, "ही काढा."

"का रे दादा? खोटं आहे का?"

"खोटं आहे."

"मी रोज समोर बसायचे. मला आठवतं."

"तू समोर बसायचीस. पण बाबा जेवायला लागले की तुझं लक्ष त्यांना वाढण्यात." त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. "आणि तेवढ्या वेळात मी दगड बसवला. सतरा वर्षांचा होतो. वाटलं, आज बाबांना दाखवू. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा वर दोन ओळी चढल्या होत्या."

मावशींनी हातातला ब्रश शिडीच्या पायरीवर ठेवला.

"मला वाटलं, आता मार बसणार. त्यांनी काम थांबवलं नाही. काम तपासायला आलेल्या साहेबाने विचारलं, हा असा का? बाबा म्हणाले, माझा हात चुकला. चार लोकांत म्हणाले. पुढे लोकांनी टोमणे मारले, म्हाताऱ्याची नजर गेली म्हणून. ऐकून घेतलं. मला घरी येऊन एवढंच म्हणाले, उद्या लवकर उठ."

मी खाली बघत राहिले. ती पाटी मी लिहिली होती.

एवढ्यात मावशी हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून.

"अरे दादा! म्हणजे मी तीस-पस्तीस वर्षं जे धाडस करतेय, ते तुझ्या गाढवपणावर उभं आहे होय?"

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. वीस वर्षांची मुलगी, पापुद्रा, दुसऱ्या दिवशी फोम. मिस्त्री ऐकत होते. तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"बाबा चुकले म्हणून मी या कामात हात घातला," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "आणि चुकला होतास तू. तू नीट बसवला असतास तर मी अजून डबेच भरत असते. तुझे उपकार कसे फेडू सांग."

"टवाळी करतेस."

"नाही रे. खरंच सांगतेय."

मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि तेव्हा कुठे कमानीकडे वळले. उजव्या खांबापासून सुरुवात केली. सांधे बघितले. एका सांध्यावर दुसरा सांधा येतो का, ते वरपासून खालपर्यंत बोटाने तपासलं. बोट खांबाला टेकवलं मात्र नाही. मावशी त्यांच्या बोटामागून नजर फिरवत होत्या. डाव्या खांबाशी ते उकिडवे बसले.

"पापुद्रा इथून नव्हता सुटला. खालच्या कोपऱ्यातून."

"मग कर की."

त्यांनी सुरी घेतली, छिन्नीसारखी धरली आणि जोर दिला. सुरी मुठीपर्यंत आत गेली.

"अगंबाई, खून केलास!" मावशी ओरडल्या. "दाबू नकोस. याला मारायचं नसतं, गोंजारायचं असतं. असं."

त्यांनी भावाच्या हातावर हात ठेवला. कोपरा दोघांनी मिळून चिमटला. मावशींनी भोक बुजवलं, वाळूचा हात फिरवला, वाळल्यावर रंग लावला. मिस्त्री बाजूला बसून नुसते बघत होते. शेवटचा कोरडा ब्रश फिरला तेव्हा ते पुढे वाकले. मलाही तो क्षण पकडायचा होता. पुन्हा निसटला.

"दगड आडवा फिरवू का दादा? दहा मिनिटांचं काम आहे."

"नको. होता तसा राहू दे. पाटी बदला. चूक मुलाची होती, लिहा."

मी लिहिलं. ते उभे राहिले आणि मी लिहिलेल्या ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचू लागले. तेवढ्यात वाचनालयाचा पहारेकरी चहाचा पेला घेऊन आला. कमान न्याहाळत, टेकायला म्हणून तो डाव्या खांबाकडे खांदा झुकवू लागला.

"ए, टेकू नकोस!" मिस्त्री गरजले. पहारेकरी दचकला, चहा हिंदकळला. मिस्त्री पुढे गेले, त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि समजावलं.

"बांधकाम ओलं आहे."

मावशी वळल्या आणि कोपऱ्यातल्या बादलीत ब्रश धुवायला लागल्या. तो स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ धूत राहिल्या.