पितळेच्या जागी स्टीलचे स्क्रू

मंगळवारी सकाळी रहाटणीहून स्कूटर काढली ती थेट चिखलीत, बाळूकाकांच्या वर्कशॉपवर. भांडायलाच गेले होते. काय काय सुनवायचं याची वाटेत उजळणीही झाली होती...

माझी पीएचडी सुपरकंडक्टरवर आहे. साधा सुपरकंडक्टर थंड केला की तो चुंबकीय क्षेत्राला बाहेर हाकलतो. काही जगावेगळे मात्र असे की त्यांच्या आत स्वतःचंच इवलंसं क्षेत्र तयार होतं म्हणतात. माझ्या सॅम्पलमध्ये ते दिसलं तेव्हा आईने सोसायटीत पेढे वाटले होते.

सॅम्पल बसवायचा होल्डर काकांनी बनवलेला. ड्रॉइंगवर स्क्रू पितळेचे असं स्पष्ट लिहिलं होतं. सोमवारी वर्षभराने खालची प्लेट उघडली, तर आतले चारही स्क्रू स्टीलचे. म्हणजे त्या स्क्रूंचं चुंबकीय क्षेत्र सॅम्पलमध्ये अडकत होतं आणि मी ते सॅम्पलचं समजून नाचत होते.

माझ्या गाइड सरांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, एवढ्याशा स्क्रूने काय होतंय, पेपर तयार आहे, पाठवून टाक. त्यांच्याशी भांडायचं सोडून दुसऱ्या दिवशी वड्याचं तेल वांग्यावर काढायला चिखलीत पोचले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "पितळंचे आटे लगेच जात्यात, ताई. तुमी सारखं उघडणार, म्हणून चांगलं एसएस टाकलं. चुंबक लावून बघितलं व्हतं, धरत न्हाई."

तिथे स्टेनलेस स्टीलची पारख अशीच करतात, चुंबक चिकटलं नाही की माल अस्सल. पण आटे पाडताना ते स्टील किंचित चुंबकीय होतं. काकांच्या चुंबकाला जे कळत नाही ते माझ्या यंत्राला कळतं. हे मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं.

काकांनी लेथ बंद केलं. "चूक माझी हाय. माल पुढं गेलाय का?"

पेपर जायचाय, सर जाऊ दे म्हणतात, असं मी सांगितलं.

"कळल्यावर सोडायचा न्हाई, ताई. चाकणच्या कंपनीला दिलेल्या मालात एक पीस खराब निघाला तरी आमी आधी फोन करतो, आख्खा लॉट थांबवतो."

मला इतका संताप आला... काकांचा नाही, माझा. कारण पेपर जाऊ द्यावा असं मलाही आतून वाटत होतं. काकांनी तिथेच पितळेचे नवे स्क्रू करून दिले, आणि मी मान खाली घालून ते घेतले.

शनिवारी सॅम्पल पुन्हा थंड केलं. क्षेत्र नाही. वर्षभराचं काम पाण्यात गेलं, आणि मी खूप रडले.

आज सरांना लिहून कळवलं की हा पेपर जाणार नाही, आणि प्लेट वेळेवर न तपासणं ही माझी चूक. उत्तर आलं, तू फार भावनिक होतेस.

बाळूकाका, तुमचे मनापासून आभार. चूक माझी, हे म्हणायला तुम्हाला एक मिनिट लागलं आणि मला आठवडा. सरांचं अजून म्हणून व्हायचंय.