गाणं मावेल असं यंत्र

अकोल्याच्या जठारपेठेत नवं यंत्र आलं आणि ते आमच्या साडभाऊंच्या घरी पोचलं नाही, असं कधी झालं नाही. अमरावतीहून मी जायचो तेव्हा दर वेळी त्यांच्या बैठकीत माणसांना बसायला जागा थोडी कमी झालेली असे. तीन व्हॉल्व्हचा रेडिओ उत्तम वाजत असताना पाच व्हॉल्व्हचा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "भाऊ, आताच्या गाण्यात पन्नास पन्नास व्हायलीन असतात. त्या डबड्यात मावतीन कुठी?" मोठा रेडिओ आला की त्यात जुनी गाणी पोकळ वाटत. मग नवी गाणी लागत, आणि नव्या गाण्यांना पुन्हा त्याहून मोठा खोका. गाणं यंत्र मागायचं, यंत्र गाणं मागायचं आणि साडभाऊ मधल्या हमालासारखे दोघांची ओझी वाहायचे.

खरी मागणी मात्र एकाच रेकॉर्डची होती. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, वारली त्याच्या आधी कौंडण्यपूरच्या यात्रेत भजनं म्हणणाऱ्या बायकांची एक रेकॉर्ड निघाली होती. मागे टाळ धरणाऱ्यांत ती होती. चावीच्या फोनोवर भजन संपलं की नुसती खरखर यायची. विजेवरच्या यंत्रावर त्या खरखरीत कुणीतरी श्वास घेतला. हलक्या सुईचा रेडिओग्राम आला, त्या रविवारी दुपारी आम्ही नवराबायको तिथंच होतो. भजन संपलं, टाळ थांबले आणि अगदी जवळून बाईचा आवाज आला, "झालं काय जी?"

बायकोच्या हातातली बशी कलली. "ताईच आहे," ती म्हणाली.

साडभाऊ हसले. "पुढचंही बोलली असन. हे मशीन कमी पडून राहिलं."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, सुई रेकॉर्ड खाते. जितकं ऐकाल तितकी ती पुसली जाईल."

"म्हणून तं आणखी हलकी सुई पायजे!"

ती त्यांनी आणली, मग तिच्याहून हलकी. शेवटचा गेलो तेव्हा भजनसुद्धा उरलं नव्हतं. काळी तबकडी गुळगुळीत फिरत होती, खरखर तेवढी येत होती. साडभाऊंनी बोट वर करून मला गप्प केलं, कान दिला, आणि माजघरातून हाक यावी तसं खोक्याकडे वळून म्हणाले, "आलोच वो. पाव्हण्यासंगं चहा घेऊन राहिलो."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरलो.