उतरायचं राहून गेलं

मले सायकल चालवता येत होती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, या बाईले काहीच येत नव्हतं. चालवता येत होती, वळवता येत होती, घंटी तं अशी वाजवायची की कोंबड्या आंगण सोडून पळत. फक्त उतरता येत नव्हतं.

असं कसं, म्हणाल. तं त्यात माझा दोष कमी अन् भिलाईचा जास्त. कारखाना उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. आमचे हे भट्टीच्या कामावर खलाशी, म्हणजे जड लोखंड दोर-साखळीनं वर चढवणाऱ्या टोळीत. भंडाऱ्याकडची शेती भावाच्या हवाली करून आम्ही आलेलो. क्वार्टर मिळालं तेव्हा भिंतीचा चुनाही वाळला नव्हता, पण समोरचा रस्ता असा रुंद की आमचं अर्धं गाव त्यात मावलं असतं. माणसं कमी अन् रस्ते जास्त. अन् दर कोपऱ्यावर पुलिया, म्हणजे नालीवरचा लहान पूल, तिले कमरेएवढा पांढरा कठडा.

आमच्या यायनी मले शिकवलं ते आपल्याच चोवीस इंची मर्दानी सायकलवर. मी बुटकी. सीटवर बसली की पाय जमिनीले लागायचं नाव नाही. म्हणून मी क्वार्टरच्या ओट्यावरून सायकलवर बसायची अन् पुलियाच्या कठड्यावर पाय टेकून थांबायची. नऊवारीचा कासोटा होता, त्यामुळं टांग टाकायले अडचण नव्हती. हे म्हणाले, आधी चालवणं शीक, उतरणं मग दाखवतो. तेवढ्यात यायची रात्रपाळी लागली, दिवसा झोपू लागले, अन् उतरणं राहून गेलं. मलेही गरज वाटली नाही. जिकडं जावं तिकडं पुलिया. रशियन साहेबांची जीप बाजूनं गेली की मी घंटी वाजवायची, ते हात हालवायचे, अन् मी मनात म्हणायची, बघा, तुमच्या कारखान्याइतकीच मी पण प्रगती करून राहिली.

या ऐटीतच मी ते खोटं बोलली.

बायकांच्या केंद्रात शिवण शिकवणारी बाई पाहिजे होती. आजूबाजूच्या खेड्यांत जायचं होतं. शिवण मी कोणाजवळ शिकली नव्हती. यायचे फाटके शर्ट उसवून उसवून, कोणता तुकडा कोणाले जोडला हे बघत बघत शिकली. पण हात चांगला होता. अन् खरं सांगू, मले ते काम फार पाहिजे होतं. माहेरी मी अमक्याची पोरगी, सासरी अमक्याची सून, क्वार्टरच्या पाटीवर यायचा नंबर, दवाखान्याच्या कार्डावर यायचा नंबर. यायचं नाव रोज हजेरीच्या रजिस्टरात चढे. आपलंही एखाद्या रजिस्टरात चढावं, एवढीच हाव.

केंद्राच्या मोठ्या बाई नागपूरच्या. चष्मा, मनगटावर घड्याळ, बोलणं मोजकं. त्यांनी मी शिवलेलं पोलकं उलटं करून आतली शिवण बघितली अन् विचारलं, सायकल येते का? मी म्हटलं, येते. उतरता येते का, असं त्यांनी विचारलं नाही. मी तरी कावून सांगू? त्या म्हणाल्या, दुर्गच्या पलीकडे शिवनाथ नदीच्या काठी एक गाव आहे, तिथं सकाळी अकराला पहिला क्लास घ्यायचा. त्या जीपनं येऊन बघणार. क्लास नीट झाला तं रजिस्टरात नाव. अन् केंद्राची एकुलती एक हातमशीन माझ्या हवाली करून म्हणाल्या, हिले खरचटलंसुद्धा नाही पाहिजे.

म्हणजे पडायची सोय उरली नाही. एरवी काय, धानाच्या तणसात जाऊन पडली असती अन् उठली असती.

सकाळी यायनी झोपाळल्या डोळ्यांनी मशीन कॅरियरले दोरानं बांधली. गाठी खलाशाच्या, त्या सुटायच्या नव्हत्या. ओट्यावरून मी निघाली. दुर्गच्या रेल्वे फाटकावर गाडीची वेळ, फाटक बंद. मी काय करणार? फाटकासमोर गोल गोल फिरत राहिली. फाटकवाला आपलाच, मराठी. त्यानं विचारलं, बाई, काही हरवलं काय? मी म्हटलं, नाही भाऊ, पायाचा व्यायाम. मालगाडी डबे मोजावे तशी सावकाश गेली. माझे बावीस फेरे झाले. लग्नात सातच होते.

मग लागला सपाट मुलुख. इकडून शिवनाथ, तिकडून तिचे नाले, मधात परातीसारखी जमीन. धान कापून झालं होतं, ठुटांच्या मधात लाखोळी निळी फुलली होती. दुसरं कोणी असतं तं म्हटलं असतं, काय सुंदर. मी म्हटलं, मेली एक तरी उंच जागा ठेवायची होती. मैलाचे दगड गुडघ्याएवढे. शेताची मेड, म्हणजे बांध, वीतभर. नाल्यांवर पूल नाही, नुसता रपटा, पाण्याले चिकटलेला. झाडं म्हणाल तं बाभळीची, त्यायले कोण मिठी मारणार?

गाव दिसलं. कडुनिंबाखाली पंधराएक बाया चटईवर बसल्या होत्या, बाजूले जीप अन् मोठ्या बाई. मी डोळ्यांनी ओटा शोधत होती. गावच्या मोठ्या झाडाले पार असतेच. या कडुनिंबाले नव्हता. शाळेची पायरी कुंपणाच्या आत, अन् फाटकात कोणीतरी बकरी बांधलेली. मी घंटी वाजवत कडुनिंबाले एक चक्कर मारली, हसून मान हालवली, म्हटलं, "आली, आली," अन् पुढं निघून गेली. पाठीमागं बायांचं बोलणं एकदम बंद झालं. रजिस्टरात चढायच्या आधीच आपलं नाव कोणीतरी पुसून राहिलं आहे, असं मले साफ दिसलं.

तेवढ्यात समोर गढी. छत्तीस गढांचा हा मुलुख म्हणतात, त्यातली ही कितवी ते गावालेही माहीत नव्हतं. मातीचा तट बसून गेलेला, खंदकात शिंगाड्याचे वेल. पण दरवाजा उभा होता, अन् दरवाज्याजवळ दगडी ओटा. चांगला माझ्या कमरेच्या वर. जुना राजा तिथं हत्तीवरून उतरायचा, असं मागून कळलं. मी तिथं चोवीस इंचीवरून उतरली. राजाले एवढं हायसं वाटलं नसेल.

बाया चटई घेऊन धावत आल्या, त्यांच्या मागं जीप. मोठ्या बाई उतरल्या, घड्याळ बघितलं.

"आम्ही तिथं बसलोय अन् तुम्ही इकडं कुठं निघाल्या?"

माझ्या तोंडात थाप तयार होती. पण मी बोलायच्या आधीच एका म्हातारीनं सीटवर हात ठेवला, मग माझ्या पायांकडं बघितलं, अन् त्यांच्या छत्तीसगढीत विचारलं, "उतरे बर नइ आवय का, बाई?" उतरता येत नाही काय, म्हणून.

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. मी म्हटलं, "नाही."

"मग मला का नाही सांगितलं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुमी सायकल येते का विचारलं, बाई. उतरायचं सांगितलं असतं तं हे काम गेलं असतं. मले हे काम पाहिजे."

त्या कॅरियरकडं गेल्या, मशीनचं झाकण काढलं, चाक फिरवून बघितलं. कुठं खरचटलं नव्हतं. म्हणाल्या, "अकरा वाजून गेले. सुरू करा."

त्याच ओट्यावर कपडा पसरला. एवढं मोठं टेबल मले पुढं कधी मिळालं नाही. म्हातारीच्याच मापाचं पोलकं कापलं. दुपार कलेपर्यंत दोघीतिघींनी मशीनवर सरळ शिवण घातली. सरळ म्हणजे त्या मुलुखातल्या रस्त्याएवढी.

मग मोठ्या बाईंनी रजिस्टर काढलं अन् माझं नाव लिहिलं. मी उलट्या बाजूनं उभी राहून वाचलं, तरी वाचता आलं. पंधरा दिवसांत उतरायले शिकायचं, अशी अट घातली. मी लगेच हो म्हटलं. हो म्हणण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, अन् मीही सांगितलं नाही. शाळेची बकरी सुटली, शाळा उघडी झाली, तरी क्लास दोन वर्षं गढीवरच भरला. रजिस्टरात क्लासची ठरलेली जागा बदलल्याचं कारण लिहायले एक रकाना होता. त्यात मी दर वेळी माझ्या हातानं लिहायची: गढीवर उजेड बरा.