मी सांगितलेला दगडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तेलगावात हे वाक्य कुणी वाचलं तर हसून हसून लोळेल — कारण या माणसानं न सांगितलेलं काही जगात शिल्लक आहे, हे तिथं कुणाला पटायचं नाही. दिंद्रुडच्या बाजारात एकदा मी ठोकून दिलं होतं, की आमच्या बैलानं चिखलात रुतलेला ट्रक एकट्यानं ओढून काढला आणि ड्रायव्हरनं खाली उतरून बैलाला सलाम केला. पुढच्या बाजारी माणसं बैल बघायला घरी आली. आमच्याकडं बैलच नव्हता. मग मी तो कसा मेला ते सांगितलं. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

याच कलेवर मला संस्थेत नोकरी लागली. खोटं वाटतं? तेवढं मात्र खरं आहे.

आमची संस्था ऊसतोड मजुरांच्या पोरींसाठी वसतिगृह चालवते. दिवाळीनंतर आईबाप टोळीबरोबर कारखान्याकडं जातात, पोरी आमच्याकडं राहून शाळा शिकतात. खर्च मुंबईचं एक फाउंडेशन उचलायचं. माणसं चांगली होती — त्यांच्यावर मला काही ढकलायचं नाही. वर्षातून एकदा ती बघायला यायची आणि त्यांना एक गोष्ट लागायची. पोरींना पीठ किती लागतं हे ऐकताना त्यांना जांभया यायच्या. कुणाचं दुःख सांगितलं की ती पुढं सरकून बसायची. मग मी कशाला होतो?

त्या वर्षी कानावर आलं, की फाउंडेशन आता आमचा हात सोडणार. मी घाबरलो. पोरींसाठी? तसं म्हणायला मला फार आवडलं असतं. नोकरीसाठी घाबरलो.

आता दगडूचं सांगतो. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. दगडूची बायको काविळीनं गेली आणि तो अर्धा झाला. टोळीचा मुकादम म्हणाला, पोरगी हाताशी आली, घे की जोडीला. दगडू नाही म्हणाला. पोरीची पेटी डोक्यावर घेऊन रेखाला तो स्वतः आमच्या दारात घेऊन आला, आणि अर्ध्या मजुरीवर परक्या गड्याच्या जोडीनं उसाच्या फडावर गेला. दारूला शिवायचा नाही. पण यात सांगण्यासारखं काय होतं? — असं मला तेव्हा वाटलं. खरंच वाटलं.

फाउंडेशनच्या मॅडम आल्या. सतरंजीवर पोरी बसल्या, आणि मी सुरू झालो. माझ्या गोष्टीतल्या दगडूनं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल दारूत घातली. पोरीला केसाला धरून ट्रकमध्ये कोंबलं, तिच्या हातात कोयता दिला. आणि मी — हो, मीच — मोटारसायकलवरून पाली गावापर्यंत पाठलाग केला, गाडी ट्रकला आडवी घातली, पोरगी उतरवून आणली. माझी मोटारसायकल गावातला चढसुद्धा ढकलल्याशिवाय चढत नव्हती. पण कुणाला विचारायचं सुचणार होतं?

मॅडमनी डोळे पुसले आणि पहिल्या रांगेतल्या रेखाकडं वळल्या. त्यांनी हळूच विचारलं, असंच झालं होतं का गं?

सकाळीच मी तिला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, की विचारलं तर हो म्हणायचं, नाहीतर सगळ्या पोरी फडावर जातील, तुझ्यामुळं. नववीतली पोर. तिनं माझ्याकडं बघितलं, मग सतरंजीकडं — आणि मान हलवली. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. मदत चालू राहिली. वाढली सुद्धा.

ते शूटिंग फडावर पोचायला किती वेळ लागणार? टोळीत प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. दगडूनं पाण्याची बाटली तोंडाला लावली तरी आजूबाजूचे विचारायचे, आज कोणती हाय बे? मुकादमाच्या शिव्या खाऊन तो ऐन हंगामात उठून आला. आमच्या दारात उभा राहिला. रेखा पळत बाहेर आली आणि अर्ध्यातच थांबली.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात माझ्यासारख्याला कोण हरवणार?

"सर, लोकांचं जाऊ द्या," तो म्हणाला. "माझ्या पोरीनं मान कशापायी हलवली, तेवढंच सांगा. तुमी शिकवलं व्हतं का तिला?"

एका शब्दाचं काम होतं. पण त्या दिवशी फाउंडेशनचा माणूस ऑफिसात चहा पीत बसला होता, आणि कप हातातच धरून आमच्याकडं बघत होता. मी दगडूच्या खांद्यावर हात ठेवला — हसलो सुद्धा बहुतेक — आणि म्हणालो, "दगडू, लेकरू आहे. तिला जे वाटलं ते तिनं सांगितलं."

रेखानं माझ्याकडं बघितलं. खोटं आहे, असं ती ओरडू शकली असती. त्याऐवजी ती आत गेली आणि पेटी घेऊन बाहेर आली.

दगडू म्हणाला, "राहा गं. साळा हाय तुझी."

"न्हाई आबा. मी येते तुमच्या जोडीला."

मी अडवलं नाही. ट्रकला मोटारसायकल आडवी घालणारा मी, मला दोन पावलं पुढं टाकवली नाहीत. फाउंडेशनच्या माणसानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, घरचं कार्य आहे.

चार-पाच वर्षांनी मॅडमनी रेखाची आठवण काढली. मी सांगितलं, ती पुण्यात नर्सिंग करतेय. कशी हुशार निघाली, कशी इंजेक्शन देते, पेशंट तिचंच नाव कसं घेतात — मला थांबताच येईना. मॅडमना इतका आनंद झाला, की त्यांनी हातातलं घड्याळ काढून माझ्याकडं दिलं आणि म्हणाल्या, तिला द्या, नर्सला लागतं.

ते घड्याळ माझी मुलगी कॉलेजला घालून जाते.