थांबायचा हुकूम

गाझाला जायची ऑर्डर आली तेव्हा मी रजेवर माझ्या गावी, बार्शीकडच्या वाशीत होतो. सकाळी अकराच्या सुमारास तार आली. बटालियन शांतिसेनेत जाणार होती आणि पंधरा दिवसांत मुंबईहून जहाज सुटणार होतं. गाझा कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनाही नकाशात पटकन सापडेना. शेवटी ते म्हणाले, "इजिप्तच्या अंगाला हाय बघा कुठंतरी." बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, त्यामुळं निरोप घ्यायला फारसं कोणी नव्हतं. मी पेटी भरली, दाराला कुलूप लावलं आणि बार्शीकडं जाणारी गाडी पकडली.

गाझात आमचं काम सोपं होतं, निदान कागदावर. दोन देशांच्या मधे सीमेची रेघ होती, नांगराच्या तासासारखी जमिनीत ओढलेली. तिच्या अलीकडं आमच्या पोस्ट. सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन आपापल्या जागी सज्ज राहायचं, सातला चहा, आठपासून दुर्बीण. कोण आलं, कोण गेलं, किती वाजता, ते रेडिओवर कळवायचं. गोळी झाडायची नाही. आम्ही दोघांच्या भांडणात पडलेले निळ्या टोपीवाले पाहुणे होतो आणि पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहायचं, असं कंपनी कमांडर सांगायचे.

मी हवालदार, माझ्या पोस्टवर सात जवान होते. त्यांतला एक शिपाई बिरा वाघमोडे, ईटजवळच्या एका वाडीचा. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाशीहून ईट पाच-सहा कोस, म्हणजे परमुलखात तो माझा शेजारीच. धनगराचा पोरगा, उंच, कमी बोलणारा. पोस्टसमोरून बेदुइन, म्हणजे तिकडच्या भटक्या लोकांच्या शेळ्या जायच्या तेव्हा त्याचा चेहरा उजळायचा. शेळी कुठल्या पायानं लंगडते ते त्याला फर्लांगभरावरून कळायचं. समोरचा माणूस कुठल्या सैन्याचा, ते मात्र दुर्बिणीतूनही सांगता यायचं नाही. त्यावरून आम्ही त्याची यथेच्छ थट्टा करायचो आणि तो आमच्याबरोबर हसायचा.

एका रविवारी दुपारी अडीच वाजता शेजारच्या युगोस्लाव्ह तुकडीच्या कॅम्पात पिक्चर होता. पत्र्याची बराक, खिडक्यांना ब्लँकेटं लावलेली. आम्हाला वाटलं, नाचगाणं असेल. त्यांचा एक मेजर उठला आणि म्हणाला, या चित्रपटाला युरोपात मोठमोठी बक्षिसं मिळाली आहेत, आणि त्यात दाखवलेलं इथं बसलेल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमचा एज्युकेशन हवालदार पडद्याशेजारी उभा राहून हिंदीत अर्थ सांगत होता. दहा-पंधरा मिनिटांनी तो गप्प झाला. पुढं सांग, असं कोणी म्हणालं नाही.

जर्मनांनी यहुदी लोकांना छळछावण्यांत डांबून मारलं, हे मी ऐकून होतो. पण ऐकणं वेगळं. त्यात काय काय दाखवलं ते इथं लिहीत नाही. मेलेली माणसं मी त्याआधी पाहिली होती, तरी माझ्या हातातली सिगारेट तशीच जळून बोटाला चटका बसला. एकच तुकडा सांगतो. छावणीच्या तारेबाहेर एक गाव असतं. एक बाई अंगणात धुणं वाळत घालते. तारेच्या आतून धूर यायला लागतो. ती वर बघते आणि सगळं धुणं काढून घरात नेते, काजळी बसू नये म्हणून. मग दार लावून घेते. बस्स, एवढंच. ती कोणाला मारत नाही, कोणाला वाईट बोलत नाही. मी अंधारात तिला आईबहिणीवरून शिवी हासडली.

पिक्चर संपला तरी युगोस्लाव्ह जवान उठले नाहीत. आम्ही उठलो होतो, ते बघून परत बसलो.

त्याच दिवशी पाच वाजता पाण्याच्या टाकीजवळ मी जेवणाचा डबा, मेसटिन, घासत होतो. बिरा येऊन शेजारी उभा राहिला.

"हवालदारसाब, ती बाई वाईट न्हवती."

"कोण बाई?"

"धुणं काढून नेणारी. तुमी शिवी दिली तिला."

"मग काय ओवाळायची होती?"

तो खाली बसला. बराच वेळ वाळूनं एकच वाटी घासत राहिला. मग त्यानं जे सांगितलं ते पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांतलं होतं. त्याआधी रझाकारांनी लोकांचा छळ मांडला होता. निजाम पडला आणि त्या छळाचा सूड, ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा मुसलमानांवर निघाला. बिरा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्यांच्या वाडीत हुसेन नावाचा पिंजारी होता. कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा. बाहेरगावचे लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन येताहेत अशी हूल उठली. भर दुपारी हुसेन पोरीला कडेवर घेऊन बिराच्या घराशी आला आणि कडी वाजवली.

"माझ्या बापाला म्हणला, धुळाबाबा, पोरीला तरी घ्या आत," बिरा सांगत होता. "बापानं माझ्या तोंडावर हात धरला. गप बस म्हणला. आमी समदी गप बसलो. त्यानं तीनदा कडी वाजवली. मग गेला."

"पुढं?"

"पुढं काय? पुन्हा दिसला न्हाय. पोरगीबी न्हाय."

मी म्हणालो, तू लहान होतास. तो म्हणाला, "व्हय. आन् बापाला तरी काय करता येनार होतं? आमाला समद्यांना कापलं असतं. पर कडी वाजवल्याली ऐकू येतीच की." एवढं बोलून तो उठला. त्यानंतर त्या विषयावर आमचं बोलणं झालं नाही.

सहा दिवसांनी, शनिवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पोस्टच्या उजवीकडं स्फोट झाला. आमच्यापासून दोनशे यार्डांवर सुरुंगांचा जुना पट्टा होता, आधीच्या लढाईत पेरलेला. भोवती तार होती, लाल पाट्या होत्या, पण शेळीला पाटी वाचता येत नाही. एक शेळी आत जाऊन उडाली होती. तिच्यामागं गेलेली एक बेदुइन पोरगी तारेपासून पंचवीस-तीस पावलांवर बसून रडत होती. तिला काही लागलेलं दिसत नव्हतं. तारेबाहेर तिची आई छाती पिटत होती. आम्ही रेडिओ घेऊन तारेशी धावलो. मी दोन जवानांना त्या आईला धरून ठेवायला लावलं आणि रेडिओवर कळवलं.

उत्तर आलं, "सुरुंग काढणारी सॅपर पार्टी निघते आहे. एक तास लागेल. तोवर कोणीही आत जायचं नाही. समजलं? ओव्हर."

"समजलं. कोणीही आत जायचं नाही. आउट."

ऑर्डर बरोबर होती. त्यांच्या जागी मी असतो तर आजही तीच दिली असती. मी सगळ्यांना ती मोठ्यानं सांगितली. आम्ही पोरीला हातानं खूण करत होतो, बैस, बैस. ती अर्धा तास बसली. दहा वाजून पंधरा मिनिटांनी ती उठून उभी राहिली आणि इकडंतिकडं बघायला लागली.

बिरानं रायफल शेजारच्या जवानाच्या हातात दिली.

"ऑर्डर ऐकलीस ना?" मी विचारलं.

"ऐकली."

"मग?"

"शेळ्यांची वाट दिसतीया मला. लेंड्या हायत वाटंनं."

आणि तो तारेखालून आत गेला. मी ओरडलो, "बिरा, परत फिर! हुकूम आहे!" त्यानं मागं पाहिलं नाही. खाली बघत, एकेक पाऊल टाकत तो पोरीपर्यंत पोहोचला. तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. मराठीतच बोलला असणार, तिची भाषा त्याला येत नव्हती. आता त्यानं नुसतं मागं वळायचं होतं. आपल्याच पावलांवरून पुढं चालायचं आणि पोरीनं त्याच्या मागून यायचं. पण धनगर कधी पुढं चालतो? जन्मभर तो मेंढरांच्या मागं चाललेला. समोर दिसलं पाहिजे, कुठं फाकायला नको, ही त्याची सवय. त्यानं पोरीला पुढं घातली. वाट वीतभर रुंद. तिला पुढं जायला जागा द्यायची म्हणून तो एक पाऊल बाजूला सरला.

स्फोटानं पोरगी खाली पडली, उठली आणि बिराच्या पावलांवरून चालत आईपर्यंत आली. तिच्या कपाळाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. बिरा थोडा वेळ हलत होता. मी तारेला हात घालून उभा होतो. आत गेलो नाही. अकरा वाजता सॅपर आले. तोवर तो गेला होता.

तिथंच त्याला अग्नी दिला. युगोस्लाव्ह मेजर येऊन सॅल्यूट करून गेला. पुढं बटालियन परत आली आणि बिराची पेटी घरी पोहोचवायचं काम मी मागून घेतलं. वाडीत पोहोचलो तेव्हा त्याचा बाप, धुळा वाघमोडे, मेंढरं कातरत बसला होता. पेटी उघडून त्यानं एकेक वस्तू पाहिली. मग एकच प्रश्न विचारला.

"हुकूम हुता का त्याला आत जायचा?"

चार माणसं जमली होती. पोरानं हुकूम मोडला असं बापाच्या तोंडावर कसं सांगायचं? मी म्हणालो, "होता, तात्या."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मला वाटलं, विषय संपला.

दोन वर्षांनी पेन्शन घेऊन मी वाशीला आलो. घराचं कुलूप काढलं आणि आत एकटा राहायला लागलो. लोक गाझाचं विचारायचे. उंटावर बसला होतात का? तिकडच्या बायका गोऱ्या असतात का? पिक्चरबद्दल सांगू लागलो की ऐकणारा हळूच उठायचा. एकदा बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. मी तिकीट काढून बसलो. पौराणिक पिक्चर होता, तरी दिवे मालवल्याबरोबर मी उठून बाहेर आलो. तेव्हापासून गावात झालं, हवालदार लढाईला भीत नाही, सिनेमाला भितो. मीही हसायचो. घरी आलो की त्या बाईची आठवण यायची. तिला दिलेली शिवी आता मला लागू होती, आणि हे बोलायला वाशीत एक माणूस नव्हता. फार एकटं वाटायचं. तसं ते कोणाला सांगायची आपल्याकडं रीत नाही.

धुळा वाशीच्या बाजाराला घोंगड्या विकायला यायचा. मी दिसलो की हाताला धरून गिऱ्हाइकांपुढं उभा करायचा. "सांगा हवालदार, हुकूम हुता न्हवं?" मी म्हणायचो, होता. असं वर्षभर चाललं. मी बाजाराच्या दिवशी त्या गल्लीनं जायचं टाळायला लागलो. पण एकदा त्यानंच मला गाठलं. त्या दिवशी तो पेठेच्या कडेला एकटाच बसला होता, घोंगड्या सोडल्यासुद्धा नव्हत्या.

"हवालदार, येक सांगू? पोरगं लई सांगितल्यालं ऐकायचं," तो म्हणाला. "म्याच तसं केलं त्याला. येकदा ल्हानपनी गप बस म्हणलं, तर जन्मभर गप बसला. लष्करात गेला, आत जा म्हणले, गेला. येवढं कशाला ऐकावं मान्सानं? हुकूम मोडला असता तर जगला असता."

मी तसाच घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच ईटच्या वाटेला लागलो, पायी.

तो मेंढरांच्या वाड्याजवळ होता. मी बसलो आणि म्हणालो, "तात्या, मी खोटं बोललो. हुकूम थांबायचा होता. मीच दिला होता. बिरानं तो मोडला."

मग सगळं सांगितलं. पिक्चर, धुणं काढणारी बाई, टाकीजवळचं बोलणं, कडी. हुसेनचं नाव आलं तेव्हा त्याचा हात मातीत रुतला. शेवटी मी शेळ्यांच्या वाटेपर्यंत आलो.

"पोरीला पुढं घातली?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"आसं. आन् ह्यो बाजूला सरला." त्यानं डोळे मिटून घेतले. ज्याला कळायला पाहिजे त्याला कळलं होतं.

मग तो म्हणाला, "केवढी हुती पोरगी?"

मी बसल्या जागी हात धरून दाखवलं. तो माझ्या हाताकडं बघत राहिला.

"पिंजाऱ्याची ह्याच्याहून ल्हान," तो म्हणाला. "कडंवर हुती. आन् ती तिकडली, चालत गेली का ती? आईकडं?"

"चालत गेली."

"माझ्याबद्दल काय बोलला त्यो?"

"बापाला तरी काय करता येणार होतं, असं म्हणाला." हे मी बनवून सांगितलं नाही. त्यानं खरंच तसं म्हटलं होतं.

धुळा तेव्हा रडला. पेटी आणली त्या दिवशी रडला नव्हता. मीही रडलो. मेंढरं आमच्याभोवती गोळा झाली होती आणि तिसरं माणूस कोणी नव्हतं.

शिपाई बिरा वाघमोडे याचं नाव आमच्या बटालियनच्या फलकावर आहे. हुसेन पिंजाऱ्याचं नाव कुठंच नाही, म्हणून ते इथं लिहून ठेवतो. त्याच्या मुलीचंही लिहायचं होतं. मी धुळाला विचारलं. त्याला ते आठवेना. मी निघालो तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि म्हातारा एकेक नाव तोंडाशी आणून, हे न्हाय, हेबी न्हाय, असं स्वतःशीच म्हणत बसला होता.