‘तुम्ही विचारा’ म्हणणाऱ्या बिराजदार बाई

बिराजदार बाईंची आणि माझी पहिली भेट करकंबच्या एका शाळेत झाली आणि पहिल्याच भेटीत त्यांनी माझी चांगली फजिती केली. मी तेव्हा तिथेच विज्ञान शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. सोलापूरहून एक निवृत्त शिक्षिका येऊन अंतराळवीरांविषयी बोलणार, एवढेच ठाऊक होते. मुले, पालक सगळे पटांगणात बसले. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी भाषण करणार नाही. तुम्ही विचारा, मी सांगते. अट एकच. कुणाच्या प्रश्नाला जो हसेल, त्याचं उत्तर त्यानंच द्यायचं.”

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनताईंनी बसल्या जागेवरून विचारले, “बाई, तितं वर संडासला कसं जात्यात ओ?”

मी हसलो. हसले बरेच जण, पण बाईंना दिसलो मीच. “या सर,” त्या म्हणाल्या. पुढे जाऊन मी अकलेचे जे तारे तोडले, ते या गौरवग्रंथात न आलेलेच बरे. मग बाईंनी शांतपणे सांगितले, की तिथे काही खाली पडत नाही, म्हणून बसताना स्वतःला अडकवून घ्यावे लागते आणि घाण हवेच्या झोताने ओढून घ्यावी लागते. लघवी तर शुद्ध करून तिचे पुन्हा पिण्याचे पाणी करतात. “आगं बया!” सुमनताई ओरडल्या. बाई म्हणाल्या, “अंतराळवीर जिथं जातील तिथं त्यांना हे विचारतातच. लाजायचं कशाला? यान बांधणाऱ्यांनाही हा प्रश्न सोडवावाच लागला की!”

त्यानंतर मी बाईंसोबत कितीतरी गावे हिंडलो. एसटीने जायचे, शाळेत मिळेल तो चहा घ्यायचा आणि मानधनाचा विषय निघाला की बाईंनी पिशवी उचलायची. अक्कलकोटकडे गेलो की त्या सरळ कानडीत बोलायच्या. प्रश्न सगळीकडे तेच. झोपतात कसे? आंघोळ कशी करतात? भीती वाटत नाही का? परतच आले नाहीत तर? या शेवटच्या प्रश्नाला बाईंनी कधी साखर लावली नाही. “काही आले नाहीत,” असे त्या स्पष्ट सांगायच्या. उत्तर येत नसलेल्या प्रश्नाला मात्र “बघून सांगते” म्हणायच्या आणि खरोखर सांगायच्या. एकदा मी परीक्षेच्या गडबडीत असताना त्यांचा फोन आला, “त्या पाचवीतल्या मुलीला सांगा, अंतराळात रडलं तर आसवं गालावर ओघळत नाहीत, डोळ्यालाच गोळा होऊन चिकटतात.” मी कपाळाला हात लावला, पण मुलीला बोलावून सांगितले.

माझ्यावर बाईंचे जे ऋण आहे, ते मात्र माझ्या घरातले आहे. माझी आई मोहोळला माझ्याकडे असते. ती न्हाणीत पडली आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले, डॉक्टरांनी चालायला सांगितले, पण आई पाय जमिनीला लावेना. “दुखतंय,” एवढेच म्हणायची. गोळ्या बदलल्या, शेक दिला, काही उपयोग नाही. आता उठल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, असे डॉक्टरांनी बजावले. मी पार हवालदिल झालो होतो.

बाई भेटायला आल्या. आईचे माहेर अक्कलकोटकडचे, त्यामुळे कानडीत दोन शब्द झाले आणि आईचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. मग तिनेही विचारलेच, “ती वर ऱ्हायलेली माणसं खाली आली की लगीच चालत्यात व्हय?”

“कुठलं आलंय! निवडून घेतलेली धट्टीकट्टी माणसं, वर रोज व्यायाम करतात, तरी खाली आली की पाय साथ देत नाहीत. चक्कर येते. धरून बाहेर काढतात, खुर्चीत बसवून उचलून नेतात. मग हाताला धरून चालायला लावतात.”

“चारचौघात?”

“साऱ्या जगासमोर. टीव्हीवर दाखवतात.”

आईने पांघरूण पायांवर ओढून घेतले. मग हळूच म्हणाली, “आन त्येंस्नी लाज न्हाय वाटत?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला दुखत होते, पण अडले होते ते दुखण्यापायी नव्हे. लेकाने बगलेत हात घालून उठवायचे, सुनेने न्हाणीत न्यायचे आणि गल्लीने दारातून बघायचे, हे तिला मेल्याहून मेल्यासारखे होत होते. आम्हाला कुणालाच ते सुचले नव्हते.

“लाज कशाची, आक्का?” बाई म्हणाल्या. “खुर्चीत बसून हसतात, हात हलवतात. घरी आलो म्हणून आनंद असतो.”

आईने माझ्याकडे पाहिले. “बघतूस काय? धर की!”

आई उभी राहिली. मला रडू फुटले आणि बाईंनी बघून न बघितल्यासारखे केले. आज आई एकटी बाजारात जाऊन येते.

बाई, आता तुमच्याविषयी थोडे. पंचाहत्तरीतही तुम्ही सोलापूरच्या सात रस्ता चौकातली रहदारी एकट्या ओलांडता. आम्ही हात पुढे केला की “मी काय म्हातारी झाले का?” म्हणून झटकता. तुमचे गुडघे दुखतात, हे आम्हाला औषधाच्या दुकानदाराकडून कळते. तुम्ही ठणठणीत राहा, शंभरी गाठा, गावोगावची माणसे तुमची वाट बघत आहेत. सत्काराच्या दिवशी व्यासपीठाच्या पायरीशी माझी आई उभी असेल. तिने निरोप धाडला आहे, तो तिच्याच शब्दांत देतो: “बाईंस्नी म्हणावं, मी हात देनार हाय. झटकायचा न्हाय. दोगी मिळून चढू.”